जुलैमधला अर्ज

पहाटे पावणेपाच

अमेरिकेतली शाळेची माणसं संध्याकाळी घरी जाऊन मेल लिहितात, तेव्हा आपल्याकडे पहाट असते. म्हणून माझी मेल बघायची वेळ हीच. आज उत्तर आलेलं होतं. नॉर्थ कॅरोलायनामधल्या एका सरकारी मिडल स्कूलमध्ये सातवीला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकेने ऐनवेळी नोकरी सोडली आहे, जागा रिकामी आहे, बुधवारी सकाळी दहाला व्हिडिओवर बोलता येईल का? साडेनऊ तासांचं अंतर धरलं तर त्यांचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. बुधवार म्हणजे आजच, ९ जुलै २०२५. होकार कळवला आणि मग चहा ठेवला.

जुलैत अर्ज करणं म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर पोचणं, असं मला कितीतरी जणांनी ऐकवलं आहे. मला ते पटत नाही. तिकडच्या सरकारी शाळांची भरती मार्च-एप्रिलपासून चालते हे खरं, पण नोकरी सोडणारे, गाव बदलणारे, बाळंतपणाची रजा घेणारे जून-जुलैतच कळवतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्यात तर २६ ऑगस्टच्या जवळच्या सोमवारआधी शाळा उघडू नये असं लिहिलेलं आहे. काही जिल्हे त्याआधी उघडतात, तरी बहुतेक मुख्याध्यापकांच्या हातात सगळा जुलै असतो, आणि रिकाम्या वर्गाची काळजीही. जपानच्या जेट योजनेत, जी १९८७ पासून चालू आहे, निवड झालेल्यांच्या मागे पर्यायी उमेदवारांची यादीच तयार ठेवतात. कुणी माघार घेतली की त्या यादीतल्याला बोलावणं जातं. उशिरा निघणारी जागा हा अपवाद नाही, दरवर्षीचा रिवाज आहे. फक्त ती जागा अशाच माणसाला मिळते, ज्याचे कागद आधीपासून तयार आहेत. अर्ज उशिरा चालतो, कागद उशिरा चालत नाहीत. माझे यंदाचे सहा महिने त्या कागदांमागे गेले.

यंदा त्यावर आणखी एक अडचण होती. २७ मेपासून अमेरिकेच्या वकिलातींनी विद्यार्थ्यांच्या आणि देवाणघेवाण योजनेतल्यांच्या व्हिसाच्या नव्या वेळा देणं थांबवलं. शिक्षकांचा जे-१ व्हिसा त्यातच येतो. १८ जूनला ते पुन्हा सुरू झालं, पण आता अर्जदाराची समाजमाध्यमांवरची खातीही तपासतात. म्हणजे आज होकार मिळाला तरी पुढच्या सहा आठवड्यांतला एकेक दिवस मोजून वापरायचा आहे.

सव्वासहा

डबा भरून बाहेर पडले. आम्ही मुंबईत, शीवच्या प्रतीक्षानगरला म्हाडाच्या इमारतीत राहतो. शाळा शीव सर्कलच्या अलीकडे, पाऊस नसेल तर मी चालतच जाते. आज भुरभुर होती. रोड नंबर २४ ला पाणी भरलंय का याची चौकशी वॉचमनकडे करूनच इथली माणसं पावसाळ्यात घर सोडतात. आज रस्ता कोरडा होता. वाटेत इंग्रजीत स्वतःशी बोलत गेले, मुलाखतीची उत्तरं जुळवत.

सात ते दहा

शाळा इंग्रजी माध्यमाची, विनाअनुदानित. नववीच्या माझ्या वर्गात बासष्ट मुलं आहेत. धारावी, शीव कोळीवाडा, अँटॉप हिल इथली. घरी तमिळ, मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू बोलणारी. इंग्रजी त्यांच्यापैकी कुणाच्याच घरात नाही.

आज पॅसिव्ह व्हॉइस होतं. पुस्तकात वाक्यं दिलेली आहेत, ती फिरवून लिहायची. मुलं ती फिरवतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मी मागच्या बाकावरच्या एका मुलाला पुढे बोलावलं. त्याचं कुटुंब धारावीत इडल्या करतं, पहाटे डबे भरून शहरभर जातात. त्याला म्हटलं, इडली कशी होते ते सांग, पण त्यात आई, अप्पा, मामा कुणीच येऊ द्यायचं नाही, फक्त तांदूळ आणि डाळ. तो आधी थांबला. मग म्हणाला, ‘द राइस इज वॉश्ड.’ वर्गाने ते फळ्यावर लिहिलं. ‘द राइस अँड द डाळ आर सोक्ड फॉर फोर अवर्स.’ वाटतात, आंबवतात, वाफवतात, सगळं आलं. शेवटी त्याने स्वतःहून वाक्य टाकलं, ‘द इडलीज आर सोल्ड बाय टेन ओक्लॉक.’ मग प्रत्येकाने आपल्या घरातलं किंवा गल्लीतलं एक काम असंच लिहिलं. चामड्याची पर्स, मातीचा दिवा, पापड, सिलेंडरची डिलिव्हरी. ज्यांना पूर्ण परिच्छेद जमत नव्हता त्यांनी चार चित्रं काढून प्रत्येकाखाली एक वाक्य लिहिलं. ज्यांना सहज जमलं त्यांना मी शेजारच्याची वही तपासायला दिली.

परदेशी शाळांच्या जाहिरातीत याला मोठी नावं असतात. एकाच वर्गात वेगवेगळ्या पातळीच्या मुलांना वेगवेगळं काम देणं, हे तिथल्या मुलाखतीत हमखास विचारतात. आपल्याकडच्या शिक्षकांना वाटतं, हे आपल्याला येत नाही, कारण आपण त्याचं प्रशिक्षण घेतलेलं नाही. पण बासष्ट मुलांच्या वर्गात ज्याने दहा वर्षं काढली आहेत त्याला ते येतंच, नाहीतर तो वर्ग चाललाच नसता. आपल्या कामाचं वर्णन करायची सवय आपल्याला नाही, एवढंच.

दहाची सुट्टी

शिक्षक कक्षात आज निम्म्या गप्पा आझाद मैदानाच्या. अंशतः अनुदानित शाळांचे शिक्षक टप्पा अनुदानासाठी तिथे पावसात बसले आहेत. निर्णय झालाय, निधीची तरतूद नाही, म्हणून. आमच्या इतिहासाच्या बाईंचा भाऊ साताऱ्याहून आलाय, त्याच्यासाठी त्या चपात्या घेऊन जाणार होत्या. आम्हाला तर अनुदानाची आशाही नाही. माझ्या हातात महिना २४,००० येतात. नॉर्थ कॅरोलायनात नवशिक्या शिक्षकाचा मूळ पगार २०२४-२५ मध्ये वर्षाला ४१,००० डॉलर होता, आणि अनुभवाची वर्षं धरली की तो वाढतो. पैशासाठी जायचं आहे का, असं विचारतात. हो, पैशासाठी जायचं आहे. शिक्षकाने पगाराचा विचार करू नये असं सांगणाऱ्यांचं घर पगारावरच चालत असतं. आणि पंचवीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाची वही रोज बघता येते म्हणूनही जायचं आहे.

गणिताच्या बाई इंग्लंडची चौकशी करताहेत. तिथल्या सरकारने १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना तिकडची पात्रता मिळवायची वाट खुली केली, पण ती गणित, विज्ञान आणि परकीय भाषा शिकवणाऱ्यांसाठी. इंग्रजी शिकवणारी मी त्यात बसत नाही. त्यांना म्हटलं, तुम्ही वेळ घालवू नका.

सुट्टी संपायच्या आत मुख्याध्यापिकांकडे गेले, शिफारसपत्रावर सही घ्यायला. मॅडमनी आधी आपल्या पद्धतीचं पत्र दिलं होतं. ‘प्रामाणिक, कष्टाळू, चारित्र्य उत्तम.’ मी म्हटलं, ‘मॅडम, हे वाचून त्यांना काहीच कळणार नाही. मी वर्गात काय करते ते हवंय त्यांना.’

‘म्हणजे मी तुझी जाहिरात लिहू?’

‘जाहिरात नको. तुम्ही माझे तास बघितलेत ना, त्यातलं एक सांगा.’

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनीच आठवण काढली, दोन वर्षांपूर्वी दहावीतल्या नापासांच्या गटाला मी शनिवारी थांबवून रेल्वेच्या पाट्या, औषधाच्या चिठ्ठ्या, बँकेचे अर्ज वाचायला लावले होते, त्यातले बहुतेक पुरवणी परीक्षेत सुटले होते. ते पत्रात आलं. सही करताना म्हणाल्या, ‘मी तुला सोडायला लिहितेय हे मला आवडत नाही, पण खरं ते लिहिते.’ मी त्यांना वाकून नमस्कार केला.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण त्यात अनेकांचं नुकसान होतं. जे-१ योजनेसाठी किमान दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, आणि अर्ज करताना माणूस शिक्षकाच्या नोकरीत असावा लागतो. नुकतीच वरची पदवी घेतलेल्यांनाच त्यात सूट आहे. तेव्हा ‘आधी राजीनामा देऊ, मग निवांत अर्ज करू’ हा विचार करू नये.

एक ते साडेतीन

शाळा सुटल्यावर शीव स्टेशन, तिथून एकच स्टेशन कुर्ला, आणि कुर्ला पश्चिमेहून शेअर रिक्षाने कलिना. १९१२ साली बांधलेला शीवचा पूल पाडून नवा बांधण्यासाठी १ ऑगस्ट २०२४ पासून बंद केल्यावर धारावीकडून वळसा घालून जाण्यापेक्षा लोकल बरी पडते.

कलिन्याला विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचा दुसरा संच घ्यायचा होता. बंद लिफाफा, त्याच्या जोडावर शिक्का, तो आपण उघडायचा नाही. पहिला संच अमेरिकेसाठी एप्रिलमध्येच मूल्यमापनाला गेला. आपली बी.ए. तीन वर्षांची, त्यांची पदवी चार वर्षांची. नुसती बी.ए. पाठवली तर काही संस्था ती त्यांच्या पदवीएवढी धरत नाहीत, सोबत बी.एड. किंवा एम.ए. जोडली की धरतात. माझं बी.एड. एक वर्षाच्या काळातलं, २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. एम.ए. होतं म्हणून माझं जमून गेलं.

पण कागदांत खरा गुंता विषयांचा किंवा गुणांचा नसतो, नावाचा असतो. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी माहेरचं आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी आईचं. पदवीवरही माहेरचंच. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि माझ्या नावाला जोडून नवऱ्याचं नाव. परदेशी अर्जात तीन रकाने, पहिलं, मधलं, शेवटचं. आता वडिलांचं नाव मधल्या रकान्यात लिहायचं की नवऱ्याचं? एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं लिहिलं की तिकडचा माणूस फाइल बाजूला ठेवतो, कारण त्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका आहेत. माझ्याकडे महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद आहे, त्या दोन कागदांच्या प्रती मी प्रत्येक संचाला जोडते आणि सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव लिहिते. वर्गातल्या मुलींना मी दरवर्षी हे सांगते. लग्नानंतर नाव काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण पासपोर्ट काढायच्या दिवशी पदवीवरचं नाव समोर ठेवा.

हा दुसरा संच कोरियासाठी. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात १ जानेवारी २०१० पासून जो व्यापक आर्थिक भागीदारी करार लागू झाला, त्यात व्यापाराबरोबर भारतीय इंग्रजी सहायक शिक्षकांनाही तिकडच्या प्राथमिक-माध्यमिक शाळांत शिकवायला वाव ठेवला आहे. पदवी आणि शिक्षकाचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तिकडच्या सरकारी शाळांची एपिक ही योजना १९९५ ची, मुख्यतः इंग्रजी ही मुख्य भाषा असलेल्या ठरावीक सात देशांतल्या लोकांसाठी, त्यामुळे आपल्या वाट्याला जागा मोजक्या. पण फेब्रुवारीच्या तुकडीचे अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात, आणि अमेरिकेचं यंदा हुकलं तर मला मार्चपर्यंत नुसतं बसायचं नाही.

चार

स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे सगळं स्कॅन केलं. त्याला आता माझी फाइल पाठ झाली आहे, कुठल्या कागदाची रंगीत प्रत हवी ते तोच सांगतो. तिथे उभी असतानाच एका एजंटचा फोन आला. ‘मॅडम, जागा पक्की, अडीच लाख, निम्मे आत्ता.’ त्याला विचारलं, ‘तुमचा परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक सांगा.’ त्याने फोन ठेवला. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला नोंदणी करावीच लागते, आणि त्याने घ्यायच्या सेवाशुल्कावर ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर त्याचं नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. शिक्षकाच्या घरातलं सोनं अशा फोनांवर जातं, मी ते जवळून पाहिलं आहे. ती दोन मिनिटं प्रत्येकाने काढावीत.

पाच ते सात

घरी दहावीच्या मुलांची शिकवणी. आज सगळ्यांना निबंध लिहायला बसवलं आणि मध्येच भात लावला.

साडेसात

नवऱ्याने मुलीला आत नेलं. सासऱ्यांनी टीव्ही बंद केला, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर मुख्याध्यापक आणि दोन शिक्षिका. सुरुवातीला हवापाणी, मग थेट प्रश्न. वर्गात वाचनाची पातळी सारखी नसेल तर काय कराल? मी आज सकाळचा तास सांगितला. इडली म्हणजे काय ते आधी सांगावं लागलं. मग तो मुलगा, ती वाक्यं, चित्रं काढणारा गट, वही तपासणारा गट. त्यातली एक शिक्षिका लिहून घेत होती. तिने विचारलं, बासष्ट मुलांत हे शिस्तीत कसं राहतं? मी म्हटलं, ज्याला काम आहे तो बडबड करत नाही, आणि बडबड करणाऱ्याला मी पुढे बोलावून लिहायला देते.

मुख्याध्यापकांनी व्हिसाचं विचारलं. प्रायोजक संस्थेने माझी फाइल मेमध्येच मंजूर केली आहे, पदवीचं मूल्यमापन झालं आहे, पासपोर्टची मुदत २०३१ पर्यंत आहे, तुमचा करार आला की जे-१ साठी लागणाऱ्या डीएस-२०१९ चा अर्ज त्याच दिवशी जाईल, असं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की जुलैत त्यांना हेच ऐकायचं होतं. याआधी दोघांशी बोलणं झालं, त्यांची शिक्षणाची कागदपत्रंच पोचली नव्हती, असं ते म्हणाले.

शेवटी मी एक प्रश्न विचारला. जे-१ च्या नियमांत दरवर्षी दोन उपक्रम करायचे असतात, एक तिथल्या शाळेत किंवा वस्तीत आणि एक दुसऱ्या देशातल्या शाळेशी संवादाचा. तो दुसरा उपक्रम मी माझ्या शीवच्या वर्गाशी करू शकते का? तुमच्या सातवीने आमच्या मुलांना विचारावं, तुमच्या गल्लीत काय बनतं, आणि आमच्यांनी तुमच्यांना. मुख्याध्यापक म्हणाले, ते तुम्ही आल्यावर पहिल्या महिन्यातच करू. ‘आल्यावर’ म्हणाले, ‘आलात तर’ नव्हे. शुक्रवारपर्यंत कळवतो म्हणाले आणि शिफारस देणाऱ्या दोघांचे फोन मागितले.

सव्वानऊ

जेवताना बोलणं निघालंच. जे-१ तीन वर्षांचा, शाळेने मागितलं तर आणखी दोन. नवरा आणि मुलगी जे-२ वर येऊ शकतात, नवऱ्याला तिथे कामाची परवानगी वेगळी मागावी लागते. त्याची इथली नोकरी पक्की आहे, सासरे एकटे राहणार नाहीत. पहिलं वर्ष मी एकटीने जावं, दुसऱ्या वर्षी काय ते ठरवावं, असं त्याचं म्हणणं. मला मुलीला सोडून वर्षभर राहणं जमेल असं वाटत नाही. ती तिसरीत आहे. मी ते बोलून दाखवलं. तो म्हणाला, ‘मग सुरुवातीलाच दोघी जा, मी इथलं बघतो.’ सासरे म्हणाले, ‘आमच्या वेळी गिरगावातले मास्तर इथिओपियाला, नायजेरियाला जायचे. बायकापोरं घेऊन जायचे. काही वाईट झालं नाही कुणाचं.’ १९७६ मध्ये नायजेरियाने सगळ्यांना मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं तेव्हा भारतातून शिक्षकांना मोठी मागणी आली होती, त्या दिवसांबद्दल ते बोलत होते. मुलीने विचारलं, तिकडे पाऊस असतो का. असतो, म्हटलं, आणि वादळंही.

साडेदहा

मुख्याध्यापिकांचा आणि माझ्या बी.एड.च्या बाईंचा फोन नंबर कळवला, दोघींनाही मेसेज टाकला की परदेशातून फोन येईल, रात्री आठच्या सुमाराला, अनोळखी नंबर असला तरी उचला. कोरियाच्या संचातल्या कागदांना खुणा केल्या. दोन्ही देश अपोस्टिल कराराचे सदस्य आहेत, भारत २००५ पासून, कोरिया २००७ पासून, त्यामुळे पदवीवर आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल झालं की दूतावासाची वेगळी फेरी लागत नाही. पोलीस क्लिअरन्सलाही अपोस्टिल लागतं, आणि ते ताजं असावं लागतं, म्हणून ते मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. त्यासाठी उद्याची अर्धी रजा मंजूर आहे. लोअर परळच्या पासपोर्ट सेवा केंद्रातली वेळ साडेअकराची आहे, मूळ पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि अपॉइंटमेंटची पावती पिशवीत टाकली.